तीन वर्षं तिची, पाच वर्षं घराची: ब्रिटनच्या ग्लोबल टॅलेंट व्हिसाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मृणाल सॉफ्टवेअर इंजिनिअर. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) २०२१ साली तिचं वय सदतीस होतं. नोकरीची पहिली सात-आठ वर्षं भारतातल्या एका मोठ्या आयटी सर्व्हिस कंपनीत गेली, परदेशी बँकांच्या प्रकल्पांवर. त्यानंतर ती पेमेंटचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका प्रॉडक्ट कंपनीत आली आणि तिथेच रमली. नवरा केदार फिजिओथेरपिस्ट, त्याचं स्वतःचं क्लिनिक. मुलगी आठ वर्षांची. मृणालची आई पंचाहत्तरीच्या आसपास, एकटी पण अजून स्वतःचं सगळं स्वतः करणारी.

परदेशी कायमचं जायचं, हे दोघांचं ठरलेलं होतं. सर्व्हिस कंपनीत असताना मृणालने वर्षभर ब्रिटनमध्ये ऑनसाइट काम केलं होतं, आणि तिथला तिच्या मनावरचा मुख्य ठसा होता सहकाऱ्यांच्या व्हिसाच्या धास्तीचा. प्रोजेक्ट संपत आला की माणसं मॅनेजरचा चेहरा वाचू लागत. त्यामुळे तिची अट एकच होती: जायचं तर कंपनीच्या शेपटीला बांधून नाही.

ब्रिटनचा ग्लोबल टॅलेंट व्हिसा नेमका तसा आहे. २० फेब्रुवारी २०२० रोजी तो सुरू झाला. त्याआधी हीच वाट ‘टियर १ (एक्सेप्शनल टॅलेंट)’ या नावाने ओळखली जायची. नोकरीची ऑफर लागत नाही, किमान पगाराची अट नाही, सुरुवातीला इंग्रजीची परीक्षाही नाही. नोकरी करा, सोडा, कंपनी काढा, फ्रीलान्सिंग करा. मात्र आधी तुमच्या क्षेत्रातल्या ठरावीक संस्थेने तुमची शिफारस म्हणजे एंडोर्समेंट करावी लागते. विज्ञानासाठी रॉयल सोसायटी, अभियांत्रिकीसाठी रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग, मानव्यविद्यांसाठी ब्रिटिश अकॅडमी, कलांसाठी आर्ट्स कौन्सिल इंग्लंड, डिजिटल तंत्रज्ञानासाठी टेक नेशन. ती मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत गृहखात्याकडे व्हिसाचा अर्ज करायचा. (मे २०२१ पासून नोबेल किंवा ट्युरिंगसारखे ठरावीक पुरस्कार मिळवणाऱ्यांना ही पहिली पायरी माफ आहे. मृणालला ती माफ नव्हती.)

अडचण

पहिला अर्ज तिने २०२१ च्या उन्हाळ्यात केला. टेक नेशनची मागणी कागदावर सरळ दिसते: बायोडेटा, तीन वेगवेगळ्या संस्थांमधल्या जाणत्या लोकांची तीन शिफारसपत्रं, आणि जास्तीत जास्त दहा पुरावे, प्रत्येक पुरावा तीन पानांच्या आत. गेल्या पाच वर्षांत क्षेत्रातली आघाडीची व्यक्ती म्हणून मान्यता मिळाली आहे हे दाखवणं सक्तीचं. त्याशिवाय चार ऐच्छिक निकषांपैकी किमान दोन पूर्ण करायचे: नवनिर्मिती, नोकरीच्या चौकटीबाहेर क्षेत्रासाठी केलेलं काम, प्रॉडक्ट कंपनीतलं ठोस योगदान, संशोधन.

मृणालच्या पहिल्या फाइलमध्ये काय होतं? ‘वर्षातील सर्वोत्तम कर्मचारी’ हे कंपनीअंतर्गत मिळालेलं प्रमाणपत्र. एका बँकेच्या उपाध्यक्षाचा कौतुकाचा ईमेल, तोही सर्व्हिस कंपनीच्या दिवसांतला. पगारवाढीची पत्रं. क्लाउडची दोन सर्टिफिकेशन्स. आणि तीन शिफारसपत्रं, त्यातली दोन तिच्या आजी-माजी मॅनेजरांची. एकात लिहिलं होतं, ‘मृणाल ही अत्यंत मेहनती, शिस्तप्रिय आणि संघभावनेने काम करणारी अभियंता असून कोणत्याही संस्थेसाठी ती मोलाची ठरेल.’ असं पत्र वाचून मूल्यमापकाला ती नोकरीला ठेवण्याजोगी आहे एवढंच कळतं. क्षेत्राने तिची दखल घेतली का, याचं उत्तर त्यात कुठेच नाही.

नकार आला. कारणं थोडक्यात अशी: अंतर्गत पुरस्कार म्हणजे क्षेत्राची मान्यता नव्हे, पत्रं सर्वसाधारण स्तुतीची, काही पुरावे पाच वर्षांहून जुने, आणि आउटसोर्सिंग, कन्सल्टन्सी किंवा सर्व्हिस डिलिव्हरीचा अनुभव या वाटेवर धरला जात नाही. हा शेवटचा मुद्दा भारतातून अर्ज करणाऱ्या पुष्कळ इंजिनिअरांना झोंबतो. पण तो मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेला आहे, आणि मृणालने तो वाचलाही होता. आठ वर्षांचं काम एका वाक्यात बाद होतं हे मनाला पटवून घेणं वेगळं.

एंडोर्समेंटच्या टप्प्याची फी तेव्हा ४५६ पौंड होती (व्हिसाचे उरलेले १५२ नंतर भरायचे). ती परत मिळत नाही. पैशापेक्षा तिला लागलं ते शब्दांचं. ‘आघाडीची व्यक्ती म्हणून मान्यता दिसत नाही’ हे अधिकृत पत्रावर वाचायला कुणालाच आवडत नाही.

पहिला निर्णयबिंदू: फेरतपासणी की नवा अर्ज

नकारानंतर २८ दिवसांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. मृणालचा पहिला कल अर्थातच तिकडे होता. तिने चार पानांचा मसुदा तयार केला; त्यातली तीन पानं रागाची होती.

पण फेरतपासणीत नवा पुरावा देता येत नाही. जे आधी पाठवलं तेच पुन्हा पाहिलं जातं, आणि मूल्यमापकाची चूक झाली का एवढंच तपासलं जातं. माझ्या मते हा पर्याय फक्त तेव्हाच वापरावा जेव्हा फाइलमध्ये असलेली गोष्ट नजरेतून सुटली आहे असं बोट ठेवून दाखवता येतं. मृणालच्या फाइलमध्ये सुटण्यासारखं काही नव्हतंच. तिने मसुदा बाजूला ठेवला आणि नव्या अर्जाचं ठरवलं. त्या आधी मात्र थांबून बाकीचे दरवाजेही पुन्हा पाहिले.

समोर असलेले पर्याय

सर्वात सोपा होता ब्रिटनचाच स्किल्ड वर्कर व्हिसा. लंडनमधल्या एका कंपनीने मुलाखतीनंतर स्पॉन्सर करायची तयारी दाखवली होती. पगाराची अट तेव्हा वर्षाला २५,६०० पौंड होती, तिच्यासाठी काहीच नाही. (पुढे एप्रिल २०२४ मध्ये ती ३८,७०० झाली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७००.) पण व्हिसा कंपनीला बांधलेला. नोकरी गेली की नवा स्पॉन्सर शोधायला साधारण साठ दिवस. मृणालला नको होतं ते नेमकं हेच.

अमेरिकेचं ईबी-१ए हे असामान्य क्षमतेचं ग्रीन कार्ड. स्वतःच अर्ज करता येतो, मालक लागत नाही. दहा निकषांपैकी किमान तीन दाखवायचे, आणि ते दाखवले तरी एकूण फाइल पाहून अधिकारी वेगळा निर्णय घेऊ शकतो. ओ-१ व्हिसा त्यापेक्षा आवाक्यातला, पण त्यावर जोडीदाराला काम करता येत नाही. केदारच्या दृष्टीने तिथेच विषय संपला. ईबी-१ए मध्ये २०२१ साली भारतात जन्मलेल्यांसाठी रांग नव्हती, म्हणून तो पर्याय बरेच दिवस टेबलावर राहिला. शेवटी ‘एका नकारानंतर त्याहून उंच उडी नको’ म्हणून सोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये हीच रांग एका फटक्यात १ जानेवारी २०१२ वर मागे गेली, म्हणजे त्या तारखेआधी अर्ज केलेल्यांचाच नंबर लागू लागला. तो अंदाज तेव्हा कुणालाच नव्हता, त्यामुळे त्याचं श्रेय मृणालला देण्याचं कारण नाही.

तिसरा ऑस्ट्रेलियाचा ग्लोबल टॅलेंट, उपवर्ग ८५८. याकडे तिने सर्वात कमी वेळ दिला, आणि याच पर्यायाबद्दल मला सर्वात जास्त बोलावंसं वाटतं. तो व्हिसा पहिल्या दिवसापासून कायमचा होता, अर्जदारासकट सगळ्या कुटुंबाला. क्षेत्रातल्या नामवंत व्यक्तीने किंवा संस्थेने नामांकन करावं लागे आणि वर्षाला दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढचा पगार मिळवण्याची पात्रता दाखवावी लागे. तिची अडचण वेगळीच होती. मार्च २०२० पासून ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या आणि कधी उघडतील हे कुणी सांगत नव्हतं. बंद दाराच्या देशात मुलीची शाळा कशी शोधायची? २०२१ च्या डिसेंबरमध्ये कुशल व्हिसाधारकांसाठी आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जवळजवळ सगळ्यांसाठी ते दार उघडलं. तोवर तिची दुसरी ब्रिटिश फाइल तयार झाली होती. आज तो जुना मार्गही नाही. डिसेंबर २०२४ पासून त्याची जागा नॅशनल इनोव्हेशन व्हिसाने घेतली आहे आणि त्याला निमंत्रण लागतं.

या तुलनेत एक गोष्ट तेव्हा नीट मांडली गेली नाही. ग्लोबल टॅलेंटची जाहिरात होते ती ‘तीन वर्षांत कायमचा निवास’ अशी. ते खरं आहे, पण मुख्य अर्जदारापुरतं. (कला आणि डिजिटल क्षेत्रात ‘एक्सेप्शनल प्रॉमिस’ म्हणून एंडोर्समेंट मिळालेल्यांना पाच.) जोडीदाराला मात्र स्वतःची पाच वर्षं ब्रिटनमध्ये पूर्ण करावी लागतात, आणि मुलांना सर्वसाधारणपणे दोन्ही पालकांचा निवास कायम होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे घर म्हणून पाहिलं तर स्किल्ड वर्कर आणि ग्लोबल टॅलेंट, दोन्ही पाचच वर्षांचे. ग्लोबल टॅलेंटचा खरा फायदा वेगाचा नाही, मालकापासून मोकळीक मिळण्याचा आहे. केदारने हे वाचलं तेव्हा तो हसून म्हणाला, ‘तीन वर्षं तुझी, पाच आमची. मग घाई कुणाची चाललीये?’ प्रश्न बरोबर होता. पण चर्चा तिथेच थांबली आणि पुढे ते थांबणंच महागात पडलं.

दुसरी फाइल

पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात जेमतेम अर्ध्या वर्षाचं अंतर होतं. एवढ्या काळात कुणी नवी कीर्ती कमावत नाही. जी होती तीच तिने नव्याने पाहिली.

प्रॉडक्ट कंपनीत आल्यापासून मृणाल फावल्या वेळात एका ओपन सोर्स लायब्ररीवर, म्हणजे कुणालाही मोफत वापरता येईल अशा तयार कोडच्या संचावर, काम करत होती. एखादं पेमेंट अडकलं की ते दोनदा न कापता पुन्हा कसं पाठवायचं, या प्रश्नावरचा मोठा भाग तिने लिहिला होता. पहिल्या फाइलमध्ये याचा उल्लेख बायोडेटाच्या शेवटच्या ओळीत, ‘छंद’ या शब्दाच्या जरा वर. ‘ते काय, रात्री मुलगी झोपल्यावर करायचे गं,’ ती मला म्हणाली होती. आणि ‘नोकरीच्या चौकटीबाहेर क्षेत्रासाठी केलेलं काम’ हा चक्क एक स्वतंत्र निकष आहे.

दुसऱ्या फाइलमधला एक पुरावा मी नीट पाहिला आहे. पहिल्या पानावर वर एकच वाक्य: हा पुरावा कोणत्या निकषासाठी आणि काय सिद्ध करतो. खाली गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या चर्चेचा स्क्रीनशॉट, ज्यात दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या कंपनीतल्या देखभालकर्त्याने विचारलं आहे की ही पद्धत आम्ही आमच्याकडे घेऊ का, आणि मृणालने तिच्या मर्यादा सांगितल्या आहेत. दुसऱ्या पानावर त्या आवृत्तीची प्रकाशन-टीप, बदलाच्या शेजारी तिचं नाव. तिसऱ्यावर ही लायब्ररी वापरणाऱ्या दोन कंपन्यांच्या सार्वजनिक तांत्रिक लेखांतले उतारे. तीन पानं, एकही विशेषण नाही. बँकेच्या उपाध्यक्षाच्या ‘फँटॅस्टिक जॉब’वाल्या ईमेलपेक्षा हे किती जड आहे हे लगेच कळतं.

शिफारसपत्रं बदलली. मॅनेजर गळाले. त्यांच्या जागी आले लायब्ररीचा मुख्य देखभालकर्ता, ती लायब्ररी वापरणाऱ्या एका कंपनीचा तंत्रप्रमुख, आणि तिच्या प्रॉडक्ट कंपनीची सहसंस्थापक. तिघंही तिचं काम वर्षाहून अधिक काळ ओळखणारे, तिघंही वेगळ्या संस्थांचे. मृणालने प्रत्येकाला एकच विनंती केली: मी कशी आहे ते लिहू नका, मी काय केलं आणि त्यामुळे तुमच्याकडे काय बदललं ते लिहा. तंत्रप्रमुखाच्या पत्रातलं मधलं वाक्य साधारण असं होतं: दुहेरी पेमेंट टाळण्यासाठी आम्ही स्वतःची प्रणाली बांधायला घेतली होती; मृणालची रचना वाचल्यावर ते काम बंद केलं आणि तिची स्वीकारली. हे वाक्य कुणी एजंट लिहून देऊ शकत नाही.

एजंटांचा विषय निघालाच आहे तर. या काळात तिला ‘प्रोफाइल बिल्डिंग’चे बरेच फोन आले. पैसे भरून मिळणारा पुरस्कार, पैसे भरून छापून येणारा लेख, एखाद्या स्पर्धेचं परीक्षकपद, सगळ्याचं पॅकेज. तिने नाही म्हटलं. माझं मत याहून कडक आहे: तुमच्या अस्सल नऊ पुराव्यांमध्ये असा एक दहावा मिसळला की मूल्यमापक त्या नवांकडेही तिरक्या नजरेने पाहतो. शिवाय ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हा १९९९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हे सल्लागार निवडताना लक्षात असलेलं बरं.

एंडोर्समेंट २०२२ च्या वसंतात मिळाली.

दुसरा निर्णयबिंदू: किती वर्षांचा व्हिसा

ग्लोबल टॅलेंटमध्ये एक ते पाच वर्षं, हवी तेवढी मागता येतात. आरोग्य सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम) मात्र तेवढ्या वर्षांचा एकदम, आगाऊ भरावा लागतो. २०२२ मध्ये तो प्रौढाला वर्षाला ६२४ पौंड आणि मुलाला ४७० पौंड होता.

मृणालला तीन वर्षांनी कायमचा निवास मिळू शकत होता. मग पाच वर्षांचे पैसे कशाला? तीन वर्षांना १,८७२ पौंड, पाचांना ३,१२०. तिने पाच घेतली. डोक्यात दोन गोष्टी होत्या: तीन वर्षांच्या शेवटी काही अडलं तर श्वास घ्यायला जागा हवी, आणि डिपेंडंट म्हणजे अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या आणि मुलांच्या व्हिसाची मुदत तिच्या मुदतीशी बांधलेली असते. ६ फेब्रुवारी २०२४ पासून सरचार्ज प्रौढाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पौंड झाला. जुन्या दरात जितकी वर्षं कुटुंबाने आधीच भरली होती तितकी फायद्यातच गेली.

तिसरा निर्णयबिंदू: एकत्र की मागेपुढे

इथे मात्र गणित कुणी मांडलं नाही. मृणाल ऑगस्ट २०२२ मध्ये मँचेस्टरला गेली. केदारला क्लिनिक चालू स्थितीत दुसऱ्याकडे सोपवायचं होतं, आणि मुलीचं शाळेचं वर्ष अर्ध्यात तोडायचं नव्हतं. कारणं खरी होती. ते दोघं एप्रिल २०२३ मध्ये पोहोचले.

पण केदारची पाच वर्षं त्याच्या स्वतःच्या प्रवेशापासून मोजली जातात. ती एप्रिल २०२८ मध्ये भरतात. त्याचा आणि मुलीचा व्हिसा मृणालच्या मुदतीबरोबर २०२७ च्या उन्हाळ्यात संपतो. मधल्या आठ-नऊ महिन्यांसाठी दोघांनाही मुदतवाढ घ्यावी लागणार: नवी फी, नव्या दराने सरचार्ज. २०२५ च्या दराने नुसती अर्जाची फी माणशी ७६६ पौंड. नियमाने अडथळा नाही, मृणाल कायम झाल्यावरही ते तिचे डिपेंडंट म्हणून वाढ मागू शकतात. पण मँचेस्टरला आठ महिने आधी येऊन शाळेचं अर्धं वर्ष वाया गेलं असतं तरी ते स्वस्त पडलं असतं, आणि हे २०२२ मध्येही कागदावर मांडता आलं असतं.

केदारच्या कामाचंही असंच. डिपेंडंट व्हिसावर जवळजवळ कोणतंही काम करता येतं, व्यावसायिक खेळाडू म्हणून सोडून. मात्र ‘फिजिओथेरपिस्ट’ हे नाव ब्रिटनमध्ये कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय ते लावता येत नाही. हा अर्ज भारतात बसून करता आला असता. तो पोहोचल्यावर केला गेला. अभ्यासक्रमाचे तपशील, प्रात्यक्षिकांचे तास, जुन्या कॉलेजकडून सह्या-शिक्के, या सगळ्यात महिने गेले. तोवर केदारने पुनर्वसन केंद्रात सहायक म्हणून काम केलं. पंधरा वर्षं स्वतःची पाटी असलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली पेशंटला चालायला घेऊन जात होता. घरात त्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही, आणि मृणालच्या मते हीच त्या वर्षातली सर्वात अवघड गोष्ट होती.

मधली वर्षं

कायमच्या निवासासाठी ग्लोबल टॅलेंटधारकाला दाखवावं लागतं की त्याने आपल्या क्षेत्रातून ब्रिटनमध्ये कमाई केली आहे. मृणाल पहिले काही महिने भारतातल्या जुन्याच कंपनीसाठी कंत्राटावर काम करत होती आणि पैसे भारतातल्या खात्यात जमा होत होते. एका परिचिताने विचारलं, ‘अगं, हे इथली कमाई म्हणून दाखवणार कसं?’ तिने लगेच स्वतंत्र व्यावसायिक म्हणून ब्रिटिश करखात्याकडे नोंदणी केली, आणि २०२३ च्या सुरुवातीला तिथल्याच एका कंपनीत नोकरी धरली. पगारपत्रकं आणि पी६० हा वर्षाअखेरचा पगार-कराचा दाखला, यांनी तो प्रश्न मिटवला.

खरी कसोटी आईच्या आजारपणाची होती. २०२३ च्या शेवटी आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. मृणाल तातडीने गेली आणि राहिली. नियम असा की कोणत्याही सलग बारा महिन्यांत १८० दिवसांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहता येत नाही. काही संशोधकांना कामानिमित्तच्या गैरहजेरीत सूट आहे, डिजिटल क्षेत्राला ती नाही. जवळच्या नातेवाइकाच्या गंभीर आजारपणाचा विचार होऊ शकतो, पण तो अधिकाऱ्याच्या हाती. तिने त्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं. फोनमध्ये एक तक्ता केला: जाण्याची तारीख, येण्याची तारीख, मधले पूर्ण दिवस. जाण्याचा आणि येण्याचा दिवस धरला जात नाही. बारा महिन्यांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते, त्यामुळे मागच्या दिवाळीतली भेटही मोजणीत येत होती.

आई वॉकरवर चालायला लागली तेव्हा मृणालच्या खात्यात फार थोडे दिवस उरले होते. ‘तू जा, मला काय धाड भरलीये,’ आई म्हणाली. दिवसभराची बाई ठेवली, मावसभावाने रोज एक चक्कर मारायचं कबूल केलं आणि ती परतली. आईला कायमचं तिकडे नेणं हा पर्यायच नाही. प्रौढ अवलंबित नातेवाइकांचे नियम २०१२ पासून इतके कडक आहेत की आवश्यक काळजी पैसे मोजूनही मायदेशात मिळू शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. आई येते ती पाहुणी म्हणून, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने.

निकाल

मृणालने ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा दिली (२४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर हवेत, फी ५० पौंड), इंग्रजी माध्यमातल्या पदवीची पडताळणी करून घेतली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ३,०२९ पौंड भरून अर्ज केला. मुदत भरण्याच्या २८ दिवस आधीपासून करता येतो. तिने पहिल्याच दिवशी केला. घाईला कारण होतं. मे २०२५ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून कायमच्या निवासाचा सर्वसाधारण काळ पाचवरून दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला होता. तिचा निवास कायम झाला.

केदारची नोंदणी झाली आणि तो आता पूर्ण पदावर काम करतो. मुलगी माध्यमिक शाळेत आहे. त्या दोघांचं काय होणार, हे २०२८ पर्यंत नियम कुठे जाऊन थांबतात यावर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या नकाराला मी फार महत्त्व देत नाही. तो ४५६ पौंडांचा धडा होता आणि त्यातून दुसरी फाइल सुधारली. अर्जाआधी प्रत्येक पुराव्यावर ‘हे माझ्या कंपनीबाहेरच्या कुणाला का पटावं?’ एवढं विचारलं असतं तरी तो टळला असता.

मोठी चूक कुटुंबाच्या घड्याळाची. एंडोर्समेंट मिळाल्याच्या आठवड्यात एका कागदावर तिघांच्या तारखा शेजारी शेजारी मांडायला हव्या होत्या: प्रवेश कधी, व्हिसा कधी संपतो, पाच वर्षं कधी भरतात. मुदतवाढीची फट तिथेच दिसली असती. एचसीपीसीचा अर्ज त्याच आठवड्यात जायला हवा होता. ऑस्ट्रेलियाच्या दाराजवळ आणखी काही महिने थांबण्याचा विचारही त्याच कागदावर व्हायला हवा होता, कारण तिथे तिघांची तारीख एकच होती.

आईबाबत वेगळं काय करता आलं असतं, हे मृणाललाही सांगता येत नाही. दिवसांचा तक्ता तिने अजून बंद केलेला नाही. कायमच्या निवासाला आता १८० दिवसांची अट नाही, सलग दोन वर्षं बाहेर राहिलं तरच तो जातो. पण नागरिकत्वासाठी पाच वर्षांत ४५० आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांची मर्यादा आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, तेव्हा तो अर्ज म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडणं. त्यावर दोघांचं अजून एकमत नाही. आधी केदार आणि मुलीची मुदतवाढ. तो अर्ज २०२७ च्या उन्हाळ्याआधी जायला हवा, आणि त्याचे पैसे त्यांनी आतापासून वेगळे ठेवायला घेतले आहेत.